रात्रीचा फोन आणि सकाळची मीटिंग

या महिन्याच्या सॅलरी स्लिपमध्ये एक नवीन ओळ आली आहे: ऑन-कॉल अलाउन्स, म्हणजे रात्री-अपरात्री फोन आला तर कामाला तयार राहण्याचा भत्ता. रक्कम फार नाही. पण ती ओळ यावी म्हणून आमच्या टीमने एचआर आणि फायनान्सच्या इतक्या चकरा मारल्या, की कंपनीचं कल्चर नक्की कुठे असतं ते मला त्यातच नीट कळलं. रात्री कुणाचा फोन वाजतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याशी कोण काय बोलतं, या दोन गोष्टींत ते असतं असं मी आता ठामपणे सांगते.

मी मूळची साताऱ्याची, इंजिनिअरिंगला पुण्यात आले आणि इथलीच झाले. आमची कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे, कुठला ट्रक किती वाजता सुटणार, असा सगळा हिशेब त्यावर चालतो. क्लायंट बहुतेक अमेरिकेतले. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. म्हणजे त्यांची कामाची ऐन गर्दीची वेळ ही आपली झोपायची वेळ. सिस्टिम बंद पडली की तिकडे गोदामाच्या दारात ट्रक खोळंबतात आणि इकडे ज्याची पाळी असेल त्याचा फोन वाजतो.

मी लागले तेव्हा ऑफिस बाणेरला एका बंगल्यात होतं. चाळीसेक माणसं असतील. फोन तेव्हाही यायचे, पण कॉलवर आमचे संस्थापक स्वतः जागे असायचे. पहाटे सगळं सुरळीत झालं की म्हणायचे, 'आज येऊ नकोस, झोप काढ.' आल्यावर पांढऱ्या बोर्डावर काय बिघडलं त्याचं चित्र काढून सगळे उभ्याउभ्याच बोलायचे. मला त्या काळाबद्दल मनापासून प्रेम आहे. तरी 'तेव्हाची मजा वेगळीच होती' असं जुनी मंडळी म्हणतात, ते मला पूर्ण पटत नाही. नियम कुठेच लिहिलेला नव्हता. संस्थापक भला माणूस होता म्हणून आम्हाला झोप मिळायची. आणि ज्यांना 'नाही' म्हणता येत नसे अशा दोघा-तिघांवरच सगळ्या रात्री पडायच्या. त्यात एकीचं बाळ लहान होतं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणी मोठ्याने बोललंसुद्धा नाही.

मग फंडिंग आलं. ऑफिस खराडीला गेलं, दोन मजले भरले, माणसं सहाशेच्या घरात गेली. कॅन्टीनमध्ये ओळखीचा चेहरा शोधावा लागायचा. याच काळात सेल्सवाल्यांनी एका मोठ्या क्लायंटला करारात 99.99 टक्के अपटाइमचं, म्हणजे एवढा वेळ सिस्टिम चालू राहील असं वचन दिलं. हा आकडा ऐकायला छान वाटतो, पण एकदा गणित मांडून बघा. 99.9 टक्के म्हटलं तर तीस दिवसांच्या महिन्यात सिस्टिम साधारण 43 मिनिटं बंद राहिलेली चालते. शेवटी आणखी एक 9 लावला की उरतात जेमतेम सव्वाचार मिनिटं. फोन वाजला, उठून लॅपटॉप उघडला, कंपनीच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन लागलं, ओटीपी टाकला आणि लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी डोळ्यांसमोर आल्या, एवढ्यातच पाच मिनिटं जातात. तेव्हा आमच्या पाळीत चारजण होते. सही करण्याआधी त्या चौघांना कुणीही विचारलं नव्हतं.

भरभर वाढणाऱ्या कंपनीत माझ्या मते खरा घात इथे होतो. वचन एक मजला देतो आणि ते निभावतो दुसरा. बंगल्यात हे दोघे एकाच टेबलावर डबा खायचे, म्हणून वेळेत भांडण व्हायचं. आता दोघांची गाठच पडत नाही.

त्यातच गणपतीच्या दिवसांत ती रात्र आली. पाळीवर लातूरचा एक पोरगा होता, नोकरीला लागून वर्षही नीट झालेलं नव्हतं. चंदननगरला मित्रांबरोबर राहायचा. एका क्लायंटच्या ऑर्डर अडकल्या होत्या आणि त्याच्या स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक टेस्टिंगच्या सर्व्हरची आणि एक खऱ्या सर्व्हरची, म्हणजे प्रॉडक्शनची. दोन्ही काळ्या, अक्षरं सारखीच, नावात फरक काय तो एका आकड्याचा. टेस्टिंगच्या सर्व्हरवरची ऑर्डरची रांग रिकामी करायची कमांड त्याने खऱ्या सर्व्हरवर चालवली. दुसऱ्या मिनिटाला त्याचा मला फोन आला. 'ताई, माझ्याकडून प्रॉडक्शनची रांग पुसली गेली. आता काय करू?' आवाज कापत होता, पण वाक्य स्पष्ट होतं. त्याने लगेच सांगितलं म्हणूनच आम्ही पहाटेपर्यंत बॅकअपवरून जवळजवळ सगळ्या ऑर्डर परत आणू शकलो.

सकाळच्या मीटिंगमध्ये पहिल्याच स्लाइडवर त्याचं नाव होतं. नुकतेच आलेले एक वरिष्ठ विचारत होते, 'हे केलं कुणी?' त्यांना उत्तर ठाऊक होतं. पोरगा रात्रभर जागा होता, लाल डोळ्यांनी कॅमेऱ्यासमोर बसला होता. मग सगळ्या टीमसमोर त्याला तीच गोष्ट तीन वेगवेगळ्या माणसांना समजावून सांगावी लागली. दोन खिडक्या सारख्या का दिसतात, एवढी घातक कमांड दुसऱ्या कुणाच्या मंजुरीशिवाय चालतेच कशी, हे प्रश्न मी आणि आणखी एकाने विचारले. 'ते नंतर बघू' म्हणून पुढे ढकलले गेले.

त्यानंतर जे घडलं ते कुठल्याच रिपोर्टमध्ये आलं नाही. लोक फोन करेनासे झाले. पुढच्या एका बिघाडात पाळीवरचा माणूस पाऊण तास एकटाच झगडत बसला, कुणाला कळायच्या आत निस्तरेल या आशेवर. दोष त्याचा नव्हता. सांगितलं की काय होतं, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. सव्वाचार मिनिटांचं वचन दिलेल्या कंपनीला ही भीती किती महागात पडते!

आमच्या व्यवसायात यावर आधीच भरपूर विचार झालेला आहे. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला, आणि भरवशाचे वाटत असलेले बॅकअप चालतच नव्हते हे तेव्हा उघड झालं. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि सगळं जाहीरपणे लिहिलं. त्यांनी दोष पद्धतीत शोधला, माणसात नाही. त्याच वर्षी 28 फेब्रुवारीला अॅमेझॉनची एस-थ्री ही ऑनलाइन डेटा साठवायची सेवा एका चुकीच्या कमांडमुळे काही तास कोलमडली. त्यांच्या निवेदनात कर्मचाऱ्याचं नाव नाही. एका वेळी इतके सर्व्हर काढू देणारं टूल आम्ही बदललं, असं त्यात आहे. मी हे दोन्ही लेख छापून आमच्या डायरेक्टरच्या टेबलावर ठेवले आणि वाचून झाल्यावर बोलू म्हटलं. त्यांनी खरंच वाचले. त्यांचं हे श्रेय मी कधीच नाकारणार नाही.

बदल तिथून सुरू झाले. आता रिपोर्टमध्ये नाव येत नाही, 'पाळीवरचा इंजिनिअर' एवढंच येतं. खऱ्या सर्व्हरची खिडकी उघडली की तिची पार्श्वभूमी लालभडक असते. पुसायची कमांड दुसऱ्या माणसाने मंजूर केल्याशिवाय चालत नाही. रात्री कॉल झाला असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत त्या माणसाला मीटिंग लावायची नाही. पाळीत चाराचे आठजण झाले. हा आकडा आम्ही मनाने काढला नव्हता. एकाच ठिकाणाहून चोवीस तास काम सांभाळायचं तर निदान आठ इंजिनिअर हवेत, असं गूगलच्या मंडळींनी 2016 मध्येच लिहून ठेवलंय.

अलाउन्सला मात्र वेळ लागला. एचआरचं उत्तर ठरलेलं: 'ते पॅकेजमध्ये धरलेलं आहे.' महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर लिहिला आहे. आमच्यापैकी कुणाला तो लागू होतो आणि कुणाला नाही यावर बरीच कागदं फिरली. शेवटी गाठ सुटली ती फायनान्समधल्या एका मॅडममुळे. त्या म्हणाल्या, 'एका तिमाहीतले सगळे रात्रीचे कॉल तारीखवार लिहून द्या, आणि त्या काळात किती जण सोडून गेले तेही.' नवीन माणूस शोधून, शिकवून तयार करायचा खर्च त्यांनी त्यासमोर मांडला. मग फाइल हलली.

लातूरचा पोरगा ही ओळ बघायला थांबला नाही. 90 दिवसांचा नोटीस पीरियड पूर्ण करून तो बंगळुरूला गेला. जाण्याआधी शेवटच्या आठवड्यांत त्याने रांग अडकली तर काय करायचं याचं रनबुक लिहून ठेवलं, एकेका पायरीचे स्क्रीनशॉट लावून. आजही कॉल आला की आम्ही आधी तेच उघडतो. असा माणूस कंपनीने गमावला याचा मला अजून राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

आमच्या आठांपैकी तिघे एजन्सीच्या पेरोलवर आहेत. त्यांची पाळी आमच्याइतकीच, फोनही त्याच वेळी वाजतो, पण त्यांच्या स्लिपवर ही ओळ नाही. एचआर म्हणतं एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणते करारात नाही. करार जानेवारीत नव्याने होणार आहे. आत्तापासूनच त्या तिघांचे रात्रीचे कॉल आम्ही तारीखवार लिहून ठेवायला घेतले आहेत, आणि त्या मॅडमची वेळही मागून ठेवली आहे.