एकच रेझ्युमे सगळीकडे

१० तारीख, रात्रीचे साडेअकरा

भाकऱ्या झाल्यावर लॅपटॉप उघडून बसले ती आत्ता उठतेय. एवढ्या वेळात एकच अर्ज झाला. मार्चपासून मी बसमध्ये बसल्या बसल्या नौकरी डॉट कॉमवर आणि लिंक्डइनवर रोज पाच-सहा ठिकाणी अप्लाय करत आले, रेझ्युमे तोच, कॉलेजातल्या सीनियरकडून घेतलेला, वरती करिअर ऑब्जेक्टिव्ह, मग हार्डवर्किंग, टीम प्लेअर, बीकॉम, एमएस-सीआयटी, टॅली, शेवटी हॉबीज. इतक्या महिन्यांत फोन आले दोन. त्यातला एक इन्शुरन्स पॉलिसी विकायच्या कामासाठी. खरंच खूप वाईट वाटायचं, सहा वर्षं अकाउंट्स सांभाळून आपल्यात काहीच नाही की काय असं वाटायला लागलेलं.

रविवारी वहिनी जेवायला आली होती, ती एचआरमध्ये आहे. तिला रेझ्युमे दाखवला तर वाचून म्हणाली, "अगं, तू दिवसभर काय करतेस ते यात कुठंय?" मी म्हटलं, टॅली लिहिलंय की. तर म्हणे टॅली सगळेच लिहितात, गेल्या काही महिन्यांत काय अडलं होतं आणि तू ते कसं सोडवलंस ते सांग.

मग मी सांगत गेले. आमच्या एका सप्लायरचं २,४०,००० चं बिल होतं, १८ टक्क्यांनी ४३,२०० जीएसटी. १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे सप्लायरांनी भरलेल्या बिलांची सरकारी पोर्टलवरची यादी, आल्यावर मी ती नेहमीसारखी खरेदीच्या रजिस्टरशी लावून बघितली तर हे बिलच नाही. १ जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये दिसल्याशिवाय क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या जीएसटीतून वजा करणं) घेताच येत नाही, म्हणजे तेवढे पैसे आमच्या मालकांचे अडकले. सप्लायरचा अकाउंटंट म्हणे आम्ही तर भरलंय. तीन दिवस त्याच्या मागे लागून त्याच्याकडून त्याच्या रिटर्नची एक्सेल मागवली, तेव्हा कळलं की त्याने आमचा जीएसटी नंबरच न टाकता ते बिल बी टू सी मध्ये, म्हणजे जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकांच्या विक्रीत, टाकलंय. पुढच्या महिन्यात त्याने दुरुस्ती केली, मग क्रेडिट मिळालं. मी हे दर महिन्याला करते, साधारण ६० सप्लायरचं, आणि रेझ्युमेमध्ये यातला एक शब्द नव्हता! मला वाटायचं हे काय लिहायचं, हे तर सगळेच करतात. वहिनी म्हणाली सगळे नाही करत, आणि जे करतात तेही लिहीत नाहीत.

आज सातपूरच्या एका कंपनीची जाहिरात प्रिंट काढून पेन्सिलीने खुणा केल्या. व्हेंडर रिकन्सिलिएशन, म्हणजे सप्लायरचा हिशोब आपल्या हिशोबाशी जुळवणं, दोनदा आलंय, म्हणजे त्यांचं दुखणं तिथेच आहे. मग तेच वर घेतलं, ६० सप्लायर, दर महिन्याचं २बी मॅचिंग, ती ४३,२०० ची गोष्ट दोन ओळींत, आणि शब्दही त्यांचाच वापरला, मी आधी "पार्टी लेजर टॅली करणे" असं लिहायचे. पगारपत्रकाचं काम खाली नेलं. परवा एका सीए ऑफिसची जाहिरात बघितली, तिथे टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) आणि २६क्यू (त्याचं तिमाही रिटर्न) मागितलंय, तेही मी दर तिमाहीला करते, तर त्यांच्यासाठी ते पहिलं येईल. ऑब्जेक्टिव्ह आणि हॉबीज काढून टाकले. ते दोन कॉलमचं रंगीत टेम्प्लेट पण, कारण वहिनी म्हणते त्यांच्या सिस्टीममध्ये असल्या फाइलची माहिती कुठली कुठे जाऊन बसते.

सातपूरच्या जाहिरातीत एसएपी (मोठ्या कंपन्यांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर) प्रेफर्ड लिहिलंय. मला येत नाही. मैत्रीण म्हणाली बेसिक नॉलेज म्हणून टाकून दे, कोण बघतंय. हात तिथे बराच वेळ थांबला होता खरं. नाही लिहिलं. मुलाखतीत समोर बसवून एक एंट्री करायला सांगितली तर माझ्या खऱ्या सहा वर्षांवरचा पण विश्वास जाईल त्यांचा. आपल्याला येतं ते पुढे आणायचं, नाही येत ते आणून चिकटवायचं नाही, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

बसमधले ते अर्ज आता बंद. आठवड्याला तीन जमले तरी चालतील, पण प्रत्येक असाच पेन्सिल घेऊन.

झोपायला हवं. उद्या ११, जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, शेवटची तारीख, आणि अजून सात बिलं चढवायची राहिलीत.