मागून कोण येतंय?

"मागे सारखं काय बघताय? कोणी राहिलंय का?"

इटलीतल्या क्युझाफोर्ते गावच्या जुन्या रेल्वे स्टेशनात कॉफी पिताना शेजारच्या डच आजोबांनी विचारलं. बोगद्यापासून ते माझ्या मागेच सायकल चालवत होते म्हणे. मी "नाही, सवय आहे" म्हटलं. त्यांना काही कळलं नाही. कळणार तरी कसं? पुण्यात सायकल चालवायची तर मागून पीएमटी येतेय की डंपर, हे मानेलाच कळावं लागतं.

इथे मात्र मागून येणार काय? ही आल्पे आद्रिया सायकलवाट, ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गपासून इटलीतल्या ग्रादोच्या समुद्रापर्यंत, साधारण 410 किलोमीटर. तार्विझिओनंतर ती पोंतेब्बाना रेल्वेच्या जुन्या मार्गावरून उतरते. 1879 साली पूर्ण झालेली ही रेल्वे नंतर डोंगरात खोदलेल्या नव्या, लांब बोगद्यांतून नेली. मोकळ्या झालेल्या जागेवर डांबर घातलं. जुने बोगदे तसेच, लोखंडी पूल तसेच, खाली फेल्ला नदीचं पांढरं पात्र. आणि चढ अगदी मवाळ, कारण आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही! आल्प्समध्ये सायकल म्हणजे दमछाक, असं समजणाऱ्यांनी हे जरूर बघावं. बोगद्यात एक चिमुरडी आजीसोबत प्रतिध्वनीसाठी मनसोक्त ओरडत चालली होती, हेल्मेट तिरकं.

आजोबांचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. तिकडे विदर्भात बंद पडलेल्या शकुंतला या छोट्या आगगाडीचे रूळ गवतात पडून आहेत. गाडी पुन्हा सुरू झाली तर उत्तमच. नाहीच झाली तर?