मामाची बुटकी

सेलूजवळ मामाच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, पळाट्यांच्या (कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या) ढिगामागं एक जुनी दुचाकी गाडी पडलेली आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. साप निघतो म्हणून आम्हा पोरांना तिकडं कुणी फिरकू द्यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी मामानं शेड पाडायला काढलं तेव्हा ती बाहेर आली. निळी, बुटकी, सीटच्या जागी नुसती पत्र्याची फळी, मागचं मडगार्ड अर्धं कापलेलं. भंगारवाला तराजू घेऊनच आला होता. "राहू द्या, मी नेते," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुला कशाला गं बाई ते डबडं?" मामा म्हणाला. पण हसत होता.

ही गाडी कोणती, यावर आखाड्यावर चार मतं पडली. शेजारचे काका म्हणाले लूना. जुन्या लूनाला पायडल असायचं, इथं किक होती, म्हणजे ते बाद. दुसरा म्हणाला, ही राजदूत मोटरसायकलच, कुणीतरी कापून लहान केलेली. मला ते पटलं, कारण इंजिन हुबेहूब आमच्या दूधवाल्याच्या राजदूतसारखं दिसत होतं. मामाला विचारलं तर तो एवढंच सांगायचा की आम्ही हिला बुटकी म्हणायचो, आणि आजोबांनी ती घेतली तेव्हा सेलूत पोरं मागं पळायची.

परभणीला ज्यांच्याकडं मी गाडी टेम्पोत घालून नेली, त्या उस्तादांनी पहिल्या दिवशी पान्याला हातही लावला नाही. पालिश पेपर घेऊन सांगाड्याचे सगळे सांधे घासत बसले. कापून जोडलेल्या सांगाड्यावर वेल्डिंगची जाड रेघ कुठंतरी सापडतेच, ती इथं नव्हती. मग थिनर लावून चॅसी नंबर उघडा केला, त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली. आकडे एका ओळीत, एका खोलीचे उमटले, म्हणजे नंबर कुणी पुन्हा ठोकलेला नव्हता. "इंजन राजदूत काच है मॅडम, पर गाडी कंपनीसेच ऐसी आई है. ये बॉबी है."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. राजदूत जीटीएस १७५. १९७३ साली राज कपूरचा 'बॉबी' आला, त्यात ऋषी कपूर हीच गाडी चालवतो, आणि तेव्हापासून कंपनीचं नाव मागं पडून लोकांनी तिला बॉबीच करून टाकलं. बनवणारी कंपनी फरीदाबादची एस्कॉर्ट्स. थोरल्या राजदूतचंच टू-स्ट्रोक इंजिन, १७३ सीसी, तीन गिअर. हे इंजिन मुळात पोलंडच्या एसएचएल एम-११ या मोटरसायकलचं. म्हणजे पोलंडच्या थंडीतलं इंजिन आमच्याकडं मे महिन्याच्या उन्हात दुधाचे कॅन वाहत होतं, आणि त्याचंच धाकटं भावंड पळाट्यांत झोपलं होतं.

ओळख पटली आणि मी लगेच चूक केली. इंजिन राजदूतचं, तर बाकी सामानही राजदूतचं चालेल असं समजून छत्रपती संभाजीनगरहून एका जुन्या सामानवाल्याकडून पुढचं-मागचं मडगार्ड घेऊन आले. उस्तादांनी ते चाकावर नुसतं धरून दाखवलं. चाक लहान, मडगार्डची कमान मोठी. मधून मांजर गेलं असतं. ते मडगार्ड आजही माझ्या बाल्कनीत आहे, त्यात मनीप्लांट लावलाय.

तेव्हा एक गोष्ट नीट कळली. या गाडीचं पोट राजदूतचं आणि अंग तिचं स्वतःचं. पोटातलं सगळं मिळतं, कारण गावोगाव राजदूत होत्या आणि त्यांचं सामान अजून कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर पडलेलं आहे. टाकी, मडगार्ड, सीट, बाजूचे पत्रे मात्र मिळत नाहीत. जे मिळतं ते नवं ठोकून 'ओरिजिनल' म्हणून विकलेलं असतं. एकानं फोनवर टाकीचा फोटो पाठवून जी किंमत सांगितली, तेवढ्यात माझी स्कूटी आली असती. म्हणून आम्ही ठरवलं, आहे तोच पत्रा वाचवायचा.

इंजिन जाम होतं. हेड उघडून सिलिंडरमध्ये डिझेल भरून ठेवलं, रोज थोडं वाढवायचं. सहाव्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकल्यावर पिस्टन खाली सरकला. सिलिंडरला खोल ओरखडे होते. तो आतून बोअर करून ०.५० ओव्हरसाइज, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन टाकला. रिंगा बसवताना उस्तादांनी मला जवळ बोलावलं. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला रिंगेच्या खाचेत बारीक पिन असते. रिंगेची दोन्ही टोकं त्या पिनेशी यायला हवीत, नाहीतर रिंग फिरते, पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या भोकाच्या, तोंडात अडकते आणि तुटते. त्यांनी माझ्याकडून दोन्ही रिंगा बसवून घेतल्या. एक तुटली. तिचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण पुढं महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगितली.

सायलेन्सरमधून काळी खरड तगारीभर निघाली. कार्बोरेटर मात्र उघडला आणि उस्ताद गप्प झाले. वर्षानुवर्षं पडलेल्या गाडीच्या कार्बोरेटरात पेट्रोल सुकून चिकट मळी साचते. हा आतून स्वच्छ होता. "किसीने खाली करके रखा था," एवढंच म्हणाले.

टाकी मी घरी केली. मूठभर बारीक नट आणि व्हिनेगर घालून दोन दिवस हलवत राहिले. मुलं शाळेतून आली की त्यांनाही हलवायला लावायची. विटकरी पाणी निघालं. मग सोड्याच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवली आणि आतून ऑइल फिरवलं. बाहेरून घासताना निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली लाल रंग लागला. निळ्याचं काय, म्हणून मामाला विचारलं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला ऑइलपेंट! आम्ही लाल कायम ठेवला, टाकीच्या उजव्या अंगाचा पोचा तसाच ठेवला. सगळं क्रोम करून आरशासारखी चमकवलेली जुनी गाडी मला कधीच आवडली नाही. ती लग्नातल्या भाड्याच्या घोडीसारखी दिसते.

पहिल्यांदा चालू झाली आणि ओरडतच सुटली. ॲक्सिलेटर सोडला तरी खाली येईना. उस्तादांनी कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबला तेव्हा विझली. प्लग काढला तर पांढराफटक. मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, बसवताना त्याचा ओठ दुमडला होता. तिथून हवा आत जायची आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ व्हायचं. असंच फिरवलं असतं तर नवा पिस्टन पुन्हा चिकटला असता. मॅग्नेट पुन्हा उतरवलं, सील बदललं. पेट्रोलचा पाइपही नवा टाकला, कारण आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात फुगतं. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली ऑइल, हे मात्र जुन्याच हिशोबानं.

आरसी बुक मामाच्या ट्रंकेत सातबाऱ्यांच्या गठ्ठ्यात सापडलं. 'एम'नं सुरू होणारा तीन अक्षरी जुना नंबर, नोंद १९७७ची, आजोबांच्या नावावर. आजोबा गेले, म्हणून वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ भरायचा. २०२१च्या नियमानं पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली आणि मूळ बांधणीत मोठा बदल नसला की गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नंबरात 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. आमची पन्नाशी २०२७मध्ये भरते. वीस हजार भरून बाजारलाही न्यायची नाही, हे मामाला अजून पटलेलं नाही. तोवर शेतातल्या वाटेवरच.

दिवाळीत ती आखाड्यावर नेली. मामाचं वय त्र्याहत्तर. त्यानं धोतर खोचलं, दुसऱ्या किकला चालू केली आणि बांधाबांधानं विहिरीपर्यंत जाऊन वळला. परत येताना लिंबापासून वीस-पंचवीस हातांवर इंजिन फुर्रर्र करून बंद पडलं. माझा जीव खाली-वर. आता काय राहिलं? पॉइंट? पुन्हा सील? मामा मात्र त्याच वेगात घरंगळत लिंबाखाली आला आणि गाडी स्टँडवर लावली.

"बंद कशी पडली, मामा?"

"पडंल कशी? विहिरीपाशीच पेट्रोलची चावी बंद केलती मी. तिच्या पोटात ठेवायचं नसतं."