रंग उडालेला असू द्या

लोककलेचं जुनं फर्निचर घ्यायचंय असं कुणी म्हणालं की मी सगळ्यात आधी रंगाबद्दल बोलते. रंग उडालेला चालेल, पण आहे तो मूळचा हवा. पाकळ्या पुसट झाल्या असोत, कडांचं लाकूड उघडं पडलेलं असो, एखादी बिजागरी नंतर बदललेली असो, हरकत नाही. हौसेनं वरून मारलेला नवा हात मात्र मला खपत नाही, आणि रंग खरवडून लाकूड ‘मोकळं’ केलेलं तर अजिबातच नाही.

कारण या वस्तू रंगवायच्या म्हणूनच घडवलेल्या असतात. गावच्या सुतारानं हाताशी होतं ते लाकूड घेतलं. युरोप-अमेरिकेत ते बहुतेक वेळा पाइनसारखं मऊ, साधं लाकूड. गाठी, जोड, वेगवेगळ्या फळ्या, सगळं रंगाखाली जाणार हे त्याला माहीत होतं. अमेरिकेतली जुनी विंडसर खुर्ची बघा. बैठक मऊ लाकडाची, कारण ती खोलगट कोरायची असते. पाठीच्या काड्या हिकरीसारख्या चिवट लाकडाच्या. पाय मेपलचे, कारण मेपल लेथवर सुरेख उतरतं. तीन लाकडं, तीन छटा, आणि त्यांची एक खुर्ची करणारा हिरवा किंवा काळा रंग. तो काढला की उरतात ते तीन झाडांचे तुकडे.

१९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये रंग उतरवलेल्या पाइनची मोठी लाट होती. कपाटं, दारं, पेटारे कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून काढायचे. सोड्यानं रंग जातो, पण सरसही सैल होतो, सांधे हलायला लागतात आणि लाकडाचे तंतू फुलून पृष्ठभाग केसाळ होतो. त्या टाक्यांमध्ये किती फुलं, किती नावं विरघळून गेली असतील याचा विचार आला की मला खरंच वाईट वाटतं.

मूळचा रंग ओळखायचा कसा? मी भिंग आणि टॉर्च घेऊन जाते. टॉर्च समोरून नाही, बाजूनं, फळीला जवळजवळ टेकवून धरायचा. जुना रंग वाळून, लाकडाबरोबर आक्रसून बारीक तडकलेला असतो, आणि ती तड चित्रातूनही आरपार जाते. नक्षीचा रंग तडीच्या आत उतरलेला दिसला, किंवा जुन्या ओरखड्यावरून सहज पुढे गेला असला, तर ती नक्षी तडकण्यानंतर काढलेली आहे. एवढी एक खूण नीट बघायला शिकलात तरी पुष्कळ.

दुसरी खूण झिजेची. माझ्याकडचा पेटारा सहा फळ्यांचा आहे, पुढच्या बाजूला दोन चौकटी आणि प्रत्येकीत कुंडीतली ट्यूलिपची फुलं. फुलांमागचा निळा रंग वरचं व्हार्निश पिवळं पडल्यामुळे आता हिरवट दिसतो. कुलपाभोवती तळहाताएवढ्या जागेत रंग साफ गेलाय आणि लाकूड गडद, गुळगुळीत झालंय. झाकणाच्या पुढच्या काठावर तसंच दोन जागी, जिथे उघडणाऱ्याचे दोन हात येतात. तळाच्या पट्टीला पायांचे ठोके. पण चौकटींच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचा हात जायचं कारणच नाही, तिथे रंग जवळजवळ शाबूत. झीज अशी वापरामागे जाते. पॉलिश पेपरनं मुद्दाम ‘जुनी’ केलेली वस्तू सगळ्या कडांवर सारखीच घासलेली असते.

मग पाठ आणि पोट. माझे वडील सुतारकाम करायचे. कुठलंही कपाट बघताना ते पहिल्यांदा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा करत. मीही तेच करते, विक्रेत्याला विचारून. न दिसणाऱ्या फळीवरून बोटं फिरवली की हातरंध्याचे उथळ पट्टे लागतात. यंत्रावरची फळी सपाट लागते. करवतीच्या खुणा सरळ असतील तर चांगलं. कमानीसारख्या गोल असतील तर ती गोल करवत, म्हणजे साधारण १९व्या शतकातली किंवा त्यानंतरची फळी. हातानं काढलेल्या डोव्हटेलचे, म्हणजे कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या सांध्याचे, दात एकसारखे नसतात. स्क्रूचं टोक अणकुचीदार असेल तर तो १८४०च्या दशकानंतरचा. त्याआधीचे बोथट असत. अर्थात एक स्क्रू नंतर बदललेला असू शकतो, म्हणून एकाच पुराव्यावर निकाल देऊ नये. गोल टेबल दोन दिशांनी मोजा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं जास्त आक्रसतं, त्यामुळे जुनं गोल टेबल किंचित लंबगोल झालेलं असतं.

नाव आणि साल लिहिलेलं असलं की विक्रेता तेच आधी दाखवतो. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कुटुंबांच्या पेटाऱ्यांवर मालकाचं नाव आणि वर्ष लिहायची पद्धत खरीच होती. पण नंतर अक्षरं घालणं सगळ्यात सोपं असतं, तेव्हा भिंग तिथेही लावा. चित्रकाराची ओळख मला हातावरून पटलेली जास्त आवडते. व्हर्जिनियाच्या शेनंडोआ खोऱ्यातला योहानेस स्पिटलर (१७७४–१८३७) त्याच्या निळ्या पेटाऱ्यांवरच्या भौमितिक आकृत्यांवरून ओळखू येतो. नॉर्वेत टेलेमार्कच्या नक्षीतले वळणदार वेल आणि हालिंगदालची नेटकी, समतोल फुलं शेजारी ठेवली तर फरक लगेच कळतो. घेण्याआधी संग्रहालयात जाऊन असं बघून घ्यावं. स्टॉकहोमचं स्कानसेन १८९१पासून उघडं आहे आणि तिथे जुनी घरं आतल्या सामानासकट बघता येतात.

सगळ्याच वस्तू रंगवलेल्या नसतात. गुजरातमधल्या संखेड्याचं सागवानी फर्निचर लाखेचं. लेथवर उतरवलेले पाय, आणि लाखेच्या थराखालून चमकणारी कथलाची नक्षी. त्याला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. गरम भांडंही नको.

अँटीक म्हणजे शंभर वर्षं, हा आकडा पुष्कळ जण ऐकतात. अमेरिकेच्या जकातीच्या कायद्यात १९३०मध्ये अँटीक म्हणून जकात माफ व्हायला १८३०च्या आधीची वस्तू अशी अट होती. १९६६मध्ये ती शंभर वर्षांची झाली. म्हणजे ही रेघ जकातीसाठी आखलेली. शंभरीच्या अलीकडचं म्हणून काही सोडून देऊ नका. मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनला विसाव्या शतकातला चित्रकार पीटर हंट टाकून दिलेलं जुनं फर्निचर गावाकडच्या शैलीत रंगवायचा, आणि आज लोक त्याचंच काम शोधत फिरतात. मला त्यातला मोकळेपणा फार आवडतो.

घरात आणण्याआधी दोन गोष्टी टाळू नका. लाकूड पोखरणाऱ्या किड्याची भोकं दीड-दोन मिलिमीटरची असतात. काळपट, धूळ बसलेली भोकं बहुतेक वेळा जुनी. कडा ताज्या आणि आत लाकूड फिकट दिसलं तर कीड जिवंत असू शकते. वस्तूखाली काळा कागद पसरून काही आठवडे वेगळी ठेवा, पूड पडते का बघा. दुसरं, जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८मध्ये. त्यामुळे कोरडं घासणं पूर्ण बंद, पोपडे निघत असतील तर संवर्धन करणाऱ्या जाणकाराला दाखवा, आणि तान्ह्या मुलाचा जुना रंगीत पाळणा कितीही देखणा असला तरी वापरू नका.

ठेवायला साधी भिंत द्या. अशा वस्तूशेजारी दुसरी नक्षीदार वस्तू लागली की दोघीही दिसेनाशा होतात. मी एका खोलीत एकच ठेवते. थेट ऊन, हीटर आणि एसीचा झोत यांपासून लांब, कारण लाकूड फुगलं-आक्रसलं की रंग सुटतो. पुसायला मऊ, कोरडा ब्रश. सुटलेल्या रंगावर कापड फिरवलंत तर पोपडा त्याबरोबर येतो.

आणि पेटारा वापरा. आत पांघरुणं ठेवा, फक्त उघड्या लाकडावर नकोत. लाकडातल्या आम्लानं कापड पिवळं पडतं, म्हणून आधी धुतलेली पांढरी सुती चादर अंथरा आणि ती वर्षातून दोनदा धुऊन घ्या.