पायाचा ब्रेक

२३ मार्च, लेक्को

पाच महिन्यांनी आज गाडी उठवली. बॅटरी हिवाळाभर चार्जरवर होती, टाकी काठोकाठ भरून ठेवली होती, त्यामुळे रुसायला तिला तसं कारण नव्हतं. तरी दोनदा नुसती खोकली आणि तिसऱ्यांदा पेटली. मिनिटभर डावा सिलिंडर जागा आणि उजवा अंथरुणातच. मग दोघांचा सूर लागला आणि समोरच्या आजींनी खिडकी लावून घेतली.

मोटो गुत्झी १००० एसपी, १९७९ची इटालियन मोटारसायकल. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ज्या मान्देल्लोच्या कारखान्यातून ती बाहेर पडली तो इथून जेमतेम दहा किलोमीटर. इतक्या जवळ राहूनसुद्धा गेल्या वर्षभरात रस्त्यावर दुसरी एसपी मला दोनदाच दिसली. तिची चुलत बहीण, शर्यतीच्या धाटणीची ‘ल मां’, लोकांनी गोधडीत गुंडाळून जपली. एसपी लांब जाणाऱ्यांची गाडी, ती त्यांनी चालवून चालवून संपवली. मला विचाराल तर गाडीचा मान राखण्याची हीच रीत बरी, पण त्यामुळे सुट्या भागांसाठी माझी वणवण होते ते वेगळं.

उभ्या जागी अ‍ॅक्सिलरेटर पिळला की ही उजवीकडे झुकते. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, गाडीच्या लांबीत फिरतो, त्याचा उलटा झटका अंगाला बसतो. पहिल्यांदा घेतली तेव्हा घाबरून पाय टेकले होते. आता तो झोका आला नाही तर चुकल्यासारखं होईल. आमच्या साखरप्याच्या अंगणात बाबा चेतक सुरू करताना आधी ती तिरकी करायचे, क्षणभर थांबायचे, मग उभी करून किक मारायचे. ही आपली आपणच तिरकी होते.

६ एप्रिल

ऑइल बदललं. एका ओळीत लिहून झालं, करायला अख्खा दिवस गेला. या इंजिनचा ऑइल फिल्टर बाहेरून दिसतच नाही, तो तळाच्या ऑइलपात्राच्या आत बसवलेला आहे. म्हणजे आधी ऑइल काढायचं, मग खालचे चौदा बोल्ट सोडायचे, अख्खं पात्र उतरवायचं, तेव्हा कुठे फिल्टरवर हात पोचतो. नवीन फिल्टर बसवून त्याच्याभोवती होज क्लिप आवळायची, म्हणजे चालता चालता तो ढिला पडत नाही. ही शेवटची गोष्ट मॅन्युअलमध्ये वाचलेली नाही, मान्देल्लोच्या म्हाताऱ्याने शिकवली.

म्हातारा कारखान्यातून निवृत्त झालेला. घराखालच्या खोलीत अजून तीन-चार गाड्या उघडून बसलेला असतो. मला तो ‘इंजेन्येरे’ म्हणतो. इटलीत इंजिनियरला असं पदवीनेच हाक मारतात, आपल्याकडच्या ‘साहेब’सारखं. पण त्याच्या तोंडून ती हाक आली की मला नेमकं कळतं, माझं काय चुकलं असणार. पॅकिंग कोरडं लावलं तेव्हा तीन वेळा इंजेन्येरे झालो.

माझी इटालियन भाषा मी बरीचशी याच खोलीत शिकलो. म्हणून भाजीवालीशी बोलताना अजून अडखळतो, पण टॅपेटला पुन्तेरिये आणि पॅकिंगला ग्वार्नित्सियोने म्हणतात हे झोपेतही सांगेन. ऑइलपात्राला कोप्पा म्हणतात, म्हणजे पेला. प्लगला कान्देला, म्हणजे मेणबत्ती. एकदा वीज गेली म्हणून दुकानात मेणबत्त्या मागितल्या आणि डोक्यात गाडीच घोळत असल्याने पुढे म्हणालो, ‘दोन पुरे, दोनच सिलिंडर आहेत.’ दुकानदार अजून हसतो.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवण्याचं, काम मात्र सुखाचं. दोन्ही हेड बाहेर, वाऱ्यात काढलेली. टाकी उतरवायला नको की काही नको, स्टूल घेऊन बाजूला बसायचं, झाकण काढायचं, फट मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फिलर गेज, सरकवायची. गुत्झीच्या कारकानो या इंजिनियरने हे इंजिन आखलं आणि पुढे तिथल्याच टोन्तीने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्यासाठी ठेंगणी चौकट आखली. इंजिनच्या डोक्यावर बसलेला डायनॅमो काढून त्याने पुढच्या टोकाला अल्टरनेटर लावला, म्हणून टाकी खाली आली. चौकटीच्या खालच्या दोन दांड्याही सुट्या होतात, इंजिन उतरवायचं तर त्या सोडायच्या. ज्याला दुरुस्तीची वेळ येणार त्याचा विचार करून बनवलेली वस्तू. मग तो फिल्टर का तसा, हे मी म्हाताऱ्याला विचारलं. त्याने खांदे उडवले आणि कॉफी ठेवली.

८ जून, मोन्तेस्प्लुगा

स्प्लुगाचा घाट. महामार्गाने बोगद्याबोगद्यातून भुर्रकन कोलिकोला पोचता येतं, पण मी तळ्याकाठचा जुना रस्ता धरला. मान्देल्लो, वारेन्ना, बेल्लानो. वाटेत एका घरासमोर माशांच्या माळा वाळत होत्या. कोमोच्या तळ्यातला आगोने मासा खारवून वाळवतात आणि तमालपत्रं घालून डब्यात दाबून ठेवतात, त्याला मिसोल्तीनी म्हणतात. हेल्मेटची काच वर करून तो वास घेतला. आईला सांगितलं तर म्हणेल, सुक्या मासळीसाठी एवढ्या लांब कशाला गेलास.

या गाडीवर बसण्याची रीत सरळ पाठीची. फेअरिंगचा, म्हणजे वारा अडवणाऱ्या आवरणाचा, वरचा भाग हँडलबरोबर वळतो, खालचे दोन पंख चौकटीला पक्के. मान्देल्लोच्या कारखान्यात १९५०च्या दशकातच अख्खी मोटारसायकल मावेल असा वाऱ्याचा बोगदा बांधला होता, तिथेच या फेअरिंगचा आकार ठरला. गुडघ्यांना वारा लागत नाही, छातीला झुळूक लागते. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ती अशी चालते की घाई करणाऱ्याची आपल्यालाच दया यावी. शहरात मात्र जड, क्लच कडक, दहा सिग्नलांत डावा पंजा भरून येतो.

कियावेन्नानंतर खरा चढ. हा रस्ता कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनियरने आखला, स्तेल्वियोचा घाटही त्याचाच. दोन्ही कामं १८२०च्या आसपासची, इथे ऑस्ट्रियाचं राज्य असतानाची. काम्पोदोल्चिनो सोडल्यावर पियानात्सोच्या कड्यात वळणं एकावर एक रचली आहेत, काही तर बोगद्याच्या आतच वळतात. रुंदी एका बसपुरती. दोनशे वर्षांपूर्वी घोड्यांच्या हिशेबाने चढ ठेवलाय, म्हणून या गाडीला तो बरोबर मानवतो. दुसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर स्थिर, ढब ढब ढब.

पियानात्सोच्या वर ढग उतरला आणि जुलैतला आंबा घाट झाला. दहा हातांवरचं दिसेना. त्यात गाडीचा दम एकदम निम्मा झाला. बंद पडली नाही, एका सिलिंडरवर लंगडत राहिली. हळूहळू वर आणली आणि धरणाच्या काठी, वस्तीतल्या खानावळीसमोर उभी केली. हातमोज्याने दोन्ही सायलेन्सरचे पाइप चाचपले. डावा कोमट. म्हणजे डावा गेला.

या गाडीला प्लगच्या ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटचे दोन संच असतात, एकेका सिलिंडरला एकेक, टाकीखाली उजव्या बाजूला कोंबलेले. तपासले तर डाव्याचा स्क्रू ढिला आणि फट मिटलेली. दोष कुणाचा, तर माझा. मेमध्ये मीच ते घाईत लावले होते, रात्री जेवायला बोलावत होते म्हणून. मधल्या स्टँडवर घेतली, प्लग काढले, पाचव्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवलं. इंजिन पावलापावलाने फिरलं आणि पॉइंट पूर्ण उघडला. फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी हवी. फिलर गेज घरी, टेबलावर. मग खिशातलं व्हिजिटिंग कार्ड काढलं.

बाबा हेच करायचे. पॉलिश पेपरने पॉइंट घासायचे, फुंकर मारायचे आणि खिशात असेल त्या कार्डाने फट मोजायचे. बहुतेक वेळा ते एलआयसीच्या एजंटाचं असायचं. मी बॅटरी धरून उभा. ‘प्रकाश हातावर नको, कामावर पाड,’ हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. आज खानावळीतला पोरगा मोबाइलचा दिवा धरून उभा होता. त्याला मी माझ्या इटालियनमध्ये तेच सांगितलं.

दोन्ही सिलिंडर बोलू लागले. सीमेच्या खांबापर्यंत, एकवीसशे मीटरच्या वर, जाऊन आलो. पलीकडे स्वित्झर्लंड, तिथेही ढगच.

उतरताना एक गोष्ट झाली. वळण घेतलं तर समोर गाय, तपकिरी, गळ्यात घंटा, रस्त्याच्या मधोमध. विचार करायला वेळच नव्हता. उजवा पाय आपोआप खाली गेला, पुरता. दुसऱ्या कुठल्याही जुन्या गाडीवर ओल्या रस्त्यात मागचं चाक आवळून मी आडवा झालो असतो. ही बसली आणि सरळ रेषेत थांबली. गुत्झीने सत्तरच्या दशकात ब्रेकची अशी जोडणी केली की पायाच्या पट्टीने मागची डिस्क आणि पुढच्या दोहोंपैकी एक, दोन्ही लागतात. हाताच्या लिव्हरला पुढची उरलेली एक डिस्क, बस्स.

इथले मित्र नेहमी सांगतात की पुढचा ब्रेकच खरा, तुम्ही भारतातले लोक मागच्या ब्रेकवर का जगता. खरं आहे, मी तसाच शिकलो. आंबा घाट उतरताना बाबा मागून ओरडायचे, ‘पायाचा दाब, पायाचा! पुढचा दाबशील तर दात पाडून घेशील.’ इथे येऊन ही शिकवण मी मोडायचा खूप प्रयत्न केला. आणि शेवटी गाडी अशी मिळाली की ती मोडायची गरजच नाही.

९ जून

पाठ धरली आहे. काही लिहीत नाही.

१५ जून

रविवारचा व्हिडिओ कॉल. बाबांना पॉइंटची गोष्ट सांगितली. कार्ड कुणाचं होतं, विचारलं त्यांनी. दातांच्या डॉक्टरचं, म्हटलं. खूश झाले. मग मोबाइल खाली नेऊन ब्रेकची पट्टी दाखवली, नळ्या दाखवल्या, गाईची हकिकत सांगितली आणि म्हटलं, ‘तुमचंच ऐकलं म्हणून वाचलो. पायाचा ब्रेक दाब, पुढचा दाबू नको.’

‘असं मी कधी सांगितलं?’

‘घाटात. दर वेळी.’

‘अरे, घाटात आधी पायाचा दाबून मग हळूच पुढचा लाव म्हणायचो. दोन्ही. वाऱ्यात तुला निम्मंच ऐकू यायचं.’ चष्मा पुसून पुन्हा स्क्रीनजवळ आले. ‘ही पट्टी दाबली की दोन्ही लागतात म्हणालास ना? मग बरोबर आहे.’

आईने मागून विचारलं, जेवलास का. बाबा अजून पट्टीच बघत होते.

‘बाकी ठीक. देते किती?’

‘अठरा,’ मी दोन वाढवून सांगितलं.

‘लिटरला?’

‘हो.’

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, नेट गेलं.