बिरड्याचा रोजा

सामानात किलोभर कडवे वाल होते. अलिबागच्या इस्राएल आळीतल्या आमच्या शेजारच्या काकांनी निघताना पिशवी हातात कोंबली. "लोदला माझी चुलत बहीण असते. तिकडे वाल मिळतात गो, पण त्यांना आपली चव नाय." कामासाठी तेल अवीवला निघाले होते. लोद तिथून हाकेच्या अंतरावर, नाही म्हणायला तोंड नव्हतं. विमानतळावरच्या सिक्युरिटीच्या मुलीला 'वाल' म्हणजे काय हे समजावताना मात्र घाम फुटला.

मंगळवारी, २५ जुलै २०२३ला संध्याकाळी लोदला पोहोचले. काकांच्या त्या बहिणीनं, आजींनी दार उघडलं, पिशवी घेतली आणि मला "बस" म्हणायच्या आधी वाल भिजत घातले. "आज भिजले तर परवा सोलायला येतील. बिरड्याच्या रोज्याला बिरडं नको?"

मी अलिबागची, शेजार बेने इस्राएलांचा, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना पडलेला 'शनवार तेली' हा शब्द लहानपणापासून कानावरचा, तरी हा रोजा मला ठाऊक नव्हता. हिब्रूत त्याला 'तिशा बआव' म्हणतात, आव महिन्याची नववी. जेरुसलेमचं पहिलं मंदिर इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरनं पाडलं, दुसरं इसवी सन ७०मध्ये रोमनांनी जाळलं. परंपरा दोन्हींचं सुतक एकाच तिथीला धरते. सुतकाची चाहूल तीन आठवडे आधीच लागते. लग्नं नाहीत, गाणंबजावणं नाही, आव उजाडला की मटणही बंद. कोकणातल्या बेने इस्राएलांनी या दिवसाचं नाव सरळ ताटावरून पाडलं. उपास सुटतो तो बिरड्यावर. (त्यांचंही पंचांग चंद्राचं, अधिक महिना धरणारं. तिकडे आवची नववी होती तेव्हा आपल्याकडे अधिक श्रावणातली नवमी होती. चंद्र एकच, दुसरं काय.)

घरात तेव्हा तसंही सुतकासारखंच वातावरण होतं. सोमवारी संसदेनं न्यायालयाच्या अधिकारांना कात्री लावणारा कायदा मंजूर केला होता. त्याविरोधात लोक तेल अवीवहून जेरुसलेमला पायी गेले होते, चार-पाच दिवस, भर उन्हाळ्यात. आजींचा नातू त्यांच्यात होता आणि मुलगा, म्हणजे नातवाचा बाप, सरकारच्या बाजूचा. दोघं एकमेकांशी आजींमार्फत बोलत. "आजी, याला सांग मीठ दे."

बुधवारी सूर्यास्ताआधी शेवटचं जेवण जमिनीवर बसून झालं. पाव, उकडलेलं अंडं आणि चिमूटभर राख. घास त्या राखेत बुडवून खायचा. पुढे पंचवीस तास पाणीसुद्धा नाही. मी निघायला कोल्हापुरी चढवल्या तशा आजी ओरडल्या, "चामडं नको गो बाय, आजच्या दिवशी!" आणि त्यांच्या रबरी सपाता पुढे सरकवल्या. दोन नंबर मोठ्या. त्या फटक फटक वाजवत मी बापलेकांबरोबर जेरुसलेमला गेले.

मंदिराच्या आवाराची पश्चिम भिंत अजून उभी आहे. तिच्यासमोरच्या फरसबंदीवर माणसं जिथे जागा मिळेल तिथे भुईवर बसली होती. रेशमी कोट घातलेल्यांच्या पायात कापडी बूट, सैनिकांच्या पायात प्लास्टिकचे क्रॉक्स. शेजारी बसलेल्या बाईला मी उत्साहानं "शालोम" म्हटलं, तिनं नुसती मान हलवली. नातू कानात पुटपुटला, आज कुणी कुणाला अभिवादन करत नाही. माझं तोंड पडलं. पण नंतर वाटलं, मयताच्या घरी आपण तरी "नमस्कार, कसे आहात" कुठे म्हणतो?

मराठी बायबलात ज्याला 'विलापगीत' म्हणतात ते 'एखा' वाचणं सुरू झालं. एका घोळक्यात येमेनी चाल, दुसऱ्यात पूर्व युरोपातली, पलीकडे मोरोक्कोची. कुणी मेणबत्तीवर वाचत होतं, कुणी मोबाइलच्या उजेडात. कुणी कुणाशी सूर जुळवत नव्हतं, पण शब्द सगळ्यांचे तेच होते. आम्ही मागच्या मोकळ्या भागात बसलो होतो. नातवानं पुस्तक आणलं नव्हतं. थोड्या वेळानं बापानं आपलं पुस्तक न बघताच अर्धं त्याच्याकडे कलतं केलं. बोलले नाहीत. पानं मात्र नातू उलटत होता.

एखाचा शेवट कडू आहे. तू आम्हाला पार टाकून दिलंस का, आमच्यावर इतका कोपलास का, अशा अर्थाची शेवटची ओळ. ती वाचून झाली आणि सगळे थांबले. मग चौकभर लोकांनी आदली ओळ मोठ्यानं पुन्हा म्हटली: आम्हाला तुझ्याकडे परत वळव, आमचे दिवस पूर्वीसारखे नवे कर. वाचणाऱ्यानंही तीच पुन्हा म्हटली आणि पुस्तक मिटलं. कडू ओळीवर वाचन थांबवायचं नाही, असा रिवाज आहे. पुस्तक बदलता येत नाही, म्हणून एक ओळ मागे यायचं. माझ्या अंगावर काटा आला.

सकाळी भिंतीच्या दक्षिण टोकाला गेले. रोमनांनी वरून ढकललेले अजस्र दगड तिथे खालच्या रस्त्यावर अजून तसेच पडलेत. त्यांच्या माऱ्यानं रस्त्याची फरशी दबून फुटली आहे, तीही दिसते.

दुपारी लोदला परतलो तेव्हा आजी भुईवरून उठून स्टुलावर आल्या होत्या. मध्यान्हीनंतर हे चालतं, कामालाही हात लावता येतो. मांडीवर परात. फडक्यातल्या वालांना बोटभर मोड. मीही सोलायला बसले. आजींनी सोलता सोलता तलमुदातली, यहुद्यांच्या जुन्या धर्मग्रंथातली, गोष्ट सांगितली. जेरुसलेममध्ये एकानं जेवणावळ घातली, मित्र काम्झाला बोलवायला गडी पाठवला आणि गडी चुकून वैरी बार काम्झाला घेऊन आला. यजमान म्हणाला ऊठ. तो म्हणाला, लाजवू नको, माझ्या जेवणाचे पैसे देतो. नको. अर्ध्या जेवणावळीचे देतो. नको. सगळीचे देतो. तरी हाताला धरून बाहेर काढलं. "नि पंक्तीतले मोठे पंडित गप जेवत बसले गो. तो मग रागानं रोमनांकडे गेला. देऊळ तिथं पडलं, त्या ताटावर." विनाकारण द्वेषानं दुसरं मंदिर गेलं, असं तलमूदच म्हणतं.

मग म्हणाल्या, "आम्हांला पण उठवत होते की." बेने इस्राएल खरे यहुदी का, त्यांच्याशी लग्न लावावं का, असा प्रश्न साठच्या दशकात इथल्या धर्मपीठानं उभा केला होता. १९६४च्या उन्हाळ्यात कोकणातून आलेली ही मंडळी जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसली. अखेर ऑगस्टमध्ये संसदेनं ठराव केला की ते सर्वार्थानं यहुदी आहेत. आजी तेव्हा एकवीस वर्षांच्या, ठिय्यात होत्या. "तेव्हा दुसऱ्यांतले पण आले होते आमच्यात बसायला. सगळेच गप नव्हते." आणि एक न सोललेला वाल माझ्या ढिगातून उचलून मला दाखवला. "नीट बघ."

आठ वाजून गेल्यावर उपास सुटला. मंदिर दहावीलाही जळत होतं म्हणून त्या रात्री मटण नाहीच. वाफाळता भात आणि बिरडं. नारळ पाकिटातला, कोकम मात्र अलिबागचं, डब्याच्या तळाशी जपून ठेवलेलं. चार घास पोटात गेले आणि बापलेकात कायद्यावरून पुन्हा जुंपली. या वेळी थेट, एकमेकांशी. आजींनी पळी पातेल्यावर आपटली. "आधी जेवा!"

पातेलं पुसून झालं. निघताना मी कोल्हापुरी घातल्या, सपाता परत केल्या. आजी दारापर्यंत आल्या.

"भावाला सांग, पुढच्या वर्षी दोन किलो पाठव."