दूध आटेल म्हणून मला सांगितलं नाही

रविवारी रात्री नणंदेचा फोन आला, "वहिनी, एनआयपीटी हाय रिस्क आलंय. एकवीसचंच." एनआयपीटी म्हणजे आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी, आणि एकवीसचं म्हणजे डाऊन सिंड्रोमचं. पंधरावा आठवडा चालू आहे तिचा. रडत नव्हती, पण आवाजात जीव नव्हता. मग थोड्या वेळाने म्हणाली, तुला फोन करू की नको असं दोन दिवस चाललं होतं, चिऊ तिथेच खेळत असेल ना.

चिऊ माझी मुलगी, साडेसहा वर्षांची, डाऊन सिंड्रोम.

माझ्या वेळी सगळं नॉर्मल आलं होतं. बाराव्या आठवड्यात एनटी स्कॅन म्हणजे बाळाच्या मानेमागचं माप घेणारी सोनोग्राफी, डबल मार्कर ही रक्ततपासणी, आकडा १:१४००, लो रिस्क. येताना दांडिया बाजारातून पेढे घेऊन आलो आम्ही. लो रिस्क म्हणजे नाहीच असं नव्हे हे कोणी बोललंच नाही, या दोन टेस्ट मिळूनसुद्धा दहातलं एखादं बाळ सुटतं म्हणे, ते सुटलेलं बाळ आमचं होतं.

जन्माच्या दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञ आले, तिची मूठ हळूच उघडली, तळहातावर आडवी एकच रेघ. मग पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यातली फट बघितली, मग तिला पालथी हातावर घेतली तर ती ओल्या टॉवेलासारखी दोन्हीकडे लोंबली. मी बघत होते. मला म्हणाले, छान आहे बाळ. आणि ह्यांना बाहेर पॅसेजमध्ये नेलं, तिथे स्ट्रेचर ये-जा करतायत, लोक चहा घेऊन चाललेत, तिथे उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगितलं, वर म्हणाले आईला आत्ता सांगू नका, दूध आटेल. ह्यांनी ते चार दिवस एकट्याने पोटात ठेवलं. मला बातमीचं नाही, त्या चार दिवसांचं अजून वाईट वाटतं, ह्यांच्यासाठी जास्त.

कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, रिपोर्ट यायचा होता तरी सासूबाई म्हणाल्या बारसं बाराव्यालाच होणार, आणि पाळणा त्यांनीच म्हटला. नंतर तो कागद आला, गुणसूत्रांच्या जोड्या ओळीने लावलेल्या, एकवीसच्या घरात तीन. एकूण ४७. अशा जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात काहीतरी दोष असतो म्हणून लगेच इको केला, छोटं छिद्र होतं, आपोआप बुजलं. थायरॉइड दरवर्षी बघतो.

नणंदेला मी एवढंच नीट समजावलं की एनआयपीटी रक्तातून होते खरी पण तो डीएनए वारेचा असतो, म्हणून ती कितीही चांगली असली तरी स्क्रीनिंगच, निदान नव्हे. खात्री अम्निओने होते. सोनोग्राफीत बघत बघत सुईने गर्भजल काढतात, गर्भपाताचा धोका असतो पण एक टक्क्याहून कमी. फिश म्हणजे ठरावीक गुणसूत्रांचीच झटपट तपासणी, तिचा रिपोर्ट थोड्या दिवसांत येतो, पूर्ण कॅरिओटाइपला दोन-तीन आठवडे, कारण पेशी वाढवाव्या लागतात.

"चिऊकडे बघून मी काय ठरवू गं?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, चिऊकडे बघून काही ठरवू नकोस, तुम्ही दोघं ठरवाल त्यात मी तुमच्याबरोबर. हे बोलताना माझा घसा दाटला, ते तिला कळलं असणार, कळू दे.

बुधवारी अम्निओ आहे. डॉक्टरांना आधीच सांगून ठेव म्हटलं, आम्ही दोघं समोर खुर्चीत बसलो की मगच रिपोर्ट सांगा, फोनवर नको, आणि एकट्या नवऱ्याला तर नकोच.